कॅसेटवरची कार्टूनची टायटल्स: सुरुवातीचं गाणं आणि शेवटच्या पाट्या नीट कशा उतरवायच्या?

रविवार_सकाळ:

सहा व्हीएचएस कॅसेट आहेत, सगळ्या ई-१८० (तीन तासांच्या). १९९३ ते १९९६ मध्ये दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेली हिंदी कार्टून. मला त्यातले भाग नकोत, टायटल्स हवीत: सुरुवातीचं गाणं आणि शेवटी वर सरकत जाणाऱ्या पाट्या. भाग परदेशी डीव्हीडीवर मिळतात, पण हिंदी गाणं आणि हिंदी आवाज देणाऱ्यांची नावं त्यात नसतात. ही नावं आता कुठे उरली असतील तर अशाच कॅसेटवर.

यूएसबीची साधी कॅप्चर काडी आणि दोन हेडचा मोनो व्हीसीआर वापरून पाहिला. अडचणी अशा:

चित्र हललं की कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा येतात. गाण्याचे पहिले दोन-तीन सेकंद उड्या मारतात आणि तिथून पुढे आवाज ओठांच्या मागे पडत जातो. शेवटच्या पाट्या थरथरतात, अक्षरं लागत नाहीत. एका कॅसेटच्या रिळावर कडेने पांढरी भुकटी दिसते. आणि सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट: एका अमेरिकन मालिकेची सुरुवात डीव्हीडीवर साडेबासष्ट सेकंदांची आहे, कॅसेटवर बरोबर साठ. कापलेलं काहीच दिसत नाही. मग अडीच सेकंद गेले कुठे? आणि यातलं खरं कोणतं धरायचं?

फीत_आणि_हेड:

पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. ती कॅसेट आत्ताच वेगळ्या पिशवीत बंद करा आणि व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. एकदा चालवली की बुरशी हेडवर आणि रोलरवर बसते आणि पुढच्या पाचही कॅसेटना लागते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटचं हेच होतं. आधी ती कोरडी करा: हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेल, दोन-तीन आठवडे, ऊन न लावता. बुरशी सुकली की भुकटी सुटी होते. मग कॅसेट उघडून (खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात) रिळाच्या कडा मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरड्याच पुसायच्या. हे काम मास्क लावून, गॅलरीत. उरलेली बुरशी काढायला फीत टाकाऊ व्हीसीआरवर पुढे-मागे गुंडाळतात आणि फिरत्या फितीला कापड टेकवून धरतात. हात बसलेला नसेल तर ही कॅसेट जाणकाराकडे द्या. फीत ओव्हनमध्ये भाजायचा सल्ला कुठे वाचलात तर विसरून जा, तो वेगळ्या जातीच्या फितींच्या वेगळ्या रोगावरचा उपाय आहे.

बाकीच्या पाच कॅसेटसाठी:

पाठीवरची रेकॉर्डिंगची खिट्टी अजून शाबूत असेल तर पहिल्यांदा ती मोडा. चुकून बोट पडलं तर गेलेलं परत येत नाही.

प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फितीचा ताण ठिकठिकाणी वेगळा झालेला असतो, तो सारखा होतो. हे केल्याशिवाय ट्रॅकिंगला (हेड फितीवरच्या रेघांशी जुळवण्याला) हात लावण्यात अर्थ नाही.

हेड साफ करताना कान साफ करायच्या काड्या वापरू नका. कापसाचा तंतू हेडच्या टोकात अडकला तर टोक तुटतं. शॅमॉय चामड्याचा तुकडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमच्या (हेड बसवलेल्या फिरत्या डब्याच्या) कडेला स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा. चामडं हलवायचं नाही. वर-खाली तर कधीच घासायचं नाही. पंधरा मिनिटं वाळू द्या. आवाजाचं हेड वेगळं असतं, फितीच्या वाटेत ड्रमच्या पुढे. मोनो व्हीसीआरमध्ये गाणं दबलेलं, कांबळ्यातून आल्यासारखं ऐकू येतं ते बहुतेक वेळा याच हेडवरच्या काळ्या थरामुळे. तो पुसूनही चकाकी आली नाही तर हेडचा कोन रेकॉर्ड करणाऱ्या मशीनशी जुळत नाही असं समजा. कोनाचा स्क्रू पाव आट्याहूनही कमी फिरवायचा असतो, कान लावून, आणि आधीच्या जागेची खूण करून.

पहिल्या सेकंदांच्या उड्यांचं कारण रेकॉर्डिंगच्या सांध्यात आहे. गाणं सुरू झाल्यावर कोणीतरी पॉज सोडलेला असतो. तिथे फितीवरची जुनी आणि नवी नियंत्रण-खूण जुळत नाही, व्हीसीआरला वेग धरायला क्षण-दोन क्षण लागतात, आणि तेवढ्यात कॅप्चर काडी फ्रेम गाळते. आवाज मात्र ती गाळत नाही, म्हणून पुढे सगळं सरकलेलं राहतं. उपाय म्हणजे व्हीसीआर आणि काडी यांच्यामध्ये टाइमिंग दुरुस्त करणारं काहीतरी हवं. खास यंत्र महाग पडतं. जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून नुसतं चित्र त्यातून पुढे जाऊ दिलं तरी बरंचसं काम होतं. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० यासाठी नावाजलेला आहे. त्याच्या मेनूमधली लाइन-इनची नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर मुंग्यांबरोबर चित्रातल्या बारीक शाईच्या रेघाही पुसल्या जातात. कार्टूनमध्ये ती शाईची रेघ म्हणजेच चित्र असतं.

पंचवीस_चौकटी:

आधी कॅप्चरबद्दल दोन गोष्टी, मग अडीच सेकंदांचं कोडं.

आकार ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींची दोन अर्धचित्रं) तसंच ठेवायचं. स्ट्रीमिंगसाठी बनवलेली सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ३० फ्रेम धरून बसतात आणि चित्राचा आकारही बदलतात. त्यात फणी कायमची चित्रात भाजली जाते आणि पुढे कोणत्याही गाळणीने निघत नाही. व्हर्च्युअलडब हे कॅप्चरचं सॉफ्टवेअर वापरा, गळलेल्या फ्रेमचा आकडा समोर दिसतो. तो शून्य नसेल तर पुन्हा घ्या. तुम्हाला फक्त टायटल्स हवीत, तेव्हा एमपेग वगैरे दाबलेल्या प्रकारांच्या वाटेला जाऊच नका. अजिबात न दाबलेला व्हिडिओसुद्धा मिनिटाला सव्वा जीबी होतो, हफयूव्ही (काहीही न गमावता दाबणारा प्रकार) वापरला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढी जागा आज कोणाकडेही असते. टायटलची पिवळी-पांढरी अक्षरं सपाट पांढरी दिसत असतील तर काडीच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट खाली आणा. एकदा कापला गेलेला उजेड नंतर परत येत नाही.

फणीचं कारण सोपं आहे. आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रं (फील्ड) येतात, आधी एकाआड एक अर्ध्या ओळी, मग उरलेल्या. मूळ कॅप्चर जसंच्या तसं जपा आणि बघायच्या प्रतीसाठी क्यूटीजीएमसी या फणी काढणाऱ्या गाळणीने ५० पूर्ण फ्रेम करून घ्या. त्याच्या खटाटोपात पडायचं नसेल तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधली बीडब्ल्यूडीआयएफ गाळणीही चांगली आहे. उलट-सुलट थरथर दिसली तर फील्डचा क्रम चुकलाय असं समजा. अशा काड्यांवर बहुधा वरचं फील्ड आधी असतं, डीव्ही कॅमेऱ्यातून घेतलं तर खालचं. नेटवर चढवताना १४४० × १०८० करून चढवा, कारण यूट्यूब ७२० ओळींच्या खाली सेकंदाला ५० फ्रेम देतच नाही.

आता साठ आणि साडेबासष्ट. ६२.५ भागिले ६० म्हणजे १.०४१७, आणि २५ भागिले २४ ही तेच. काहीच कापलेलं नाही. कार्टून फिल्मवर २४ फ्रेमने चित्रित झालं, आणि पाल देशांना विकायची टेप बनवताना तीच फिल्म २५ ने पळवली. युरोपात आणि आपल्याकडे फिल्मवरून आलेलं बरंच काही असंच दिसायचं. चित्रात डोळ्याला कळत नाही, कानाला कळतं: स्वर साधारण ०.७ सेमीटोनने चढतो. पेटीच्या भाषेत, पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या जरासं खाली येऊन बसतं. लहानपणी ऐकलेलं गाणं आता नेटवर 'मंद' वाटतं, त्याचं कारण अनेकदा आठवणीत नसतं, ते या ४ टक्क्यांत असतं.

पण सगळ्या टेप अशा नसतात. अमेरिका आणि जपानची पद्धत ६० फील्डची. फिल्मऐवजी तिथली तयार व्हिडिओ टेप आणून ५० फील्डमध्ये बदलली असेल तर वेग आणि स्वर मूळचेच राहतात, फक्त चित्रात हलणाऱ्या गोष्टींना दुहेरी सावली येते. ओळखायचं असं: पात्र चालत असताना एकेक फ्रेम पुढे सरका. प्रत्येक चित्र दोन किंवा तीन फ्रेम स्वच्छ थांबून मग बदलत असेल तर फिल्म २५ ने पळवलेली आहे. मधूनमधून दोन चित्रं एकमेकांत मिसळलेली दिसली तर टेप बदलून घेतलेली आहे.

रविवार_सकाळ:

पाहिलं. अमेरिकन मालिकेत चित्रं स्वच्छ थांबतात. म्हणजे आवाज ०.९६ ने मंद करून डीव्हीडीशी जुळवू का? आणि मोगलीच्या हिंदी गाण्यालाही तेच करायचं?

पंचवीस_चौकटी:

हिंदी गाण्याला नको! इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंग्रजी मूळ गाणं फिल्मबरोबर पळवलं गेलं असेल तर ते ०.९६ ने मंद करणं ठीक आहे. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा, फक्त टेम्पो बदलणारा नको. हिंदी गाण्याचं तसं नाही. मोगलीची मूळ जपानी मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, ५२ भागांची, १९८९-९० ची, आणि तिचं जपानी सुरुवातीचं गाणं पूर्ण वेगळं आहे. हिंदी गाणं गुलजारांनी लिहिलेलं, विशाल भारद्वाजांनी बांधलेलं, इथे नव्याने ध्वनिमुद्रित झालेलं. अशी गाणी तयार चित्रावर, सेकंदाला २५ फ्रेमच्या टेपवर बसवली जातात. चित्र पळवलेलं असलं तरी आवाज आपल्या खऱ्या वेगातच असतो. तो ०.९६ ने मंद केलात तर गायक कधीच गायले नव्हते अशा स्वरात गाणं जाईल. नेटवर काही ठिकाणी हिंदी आवाज परदेशी डीव्हीडीच्या स्वच्छ चित्रावर ताणून बसवलेला असतो आणि गाणं मरगळलेलं वाटतं, ते यामुळेच.

म्हणून नियम एकच: हिंदी टायटलसाठी कॅसेट हीच मूळ प्रत आहे. डीव्हीडीशी जुळवायचंच असेल तर डीव्हीडीचं चित्र २५ वर आणा, आवाजाला हात लावू नका. मोगलीच्या चित्राचा वेग तपासायला गाण्यांची तुलना करता येणार नाही, भागातला एखादा प्रसंग घ्या आणि दोन कटांमधल्या फ्रेम मोजा.

शीर्षकपाटी:

टायटल्सच्या बाबतीत एक मोठी सोय आहे, तिचा विचार अजून कोणी केलेला दिसत नाही. भाग एकदाच लागतो, सुरुवात दर आठवड्याला तीच लागते. सहा कॅसेटवर एका मालिकेचे नऊ-दहा भाग असतील तर तुमच्याकडे एकाच मिनिटाच्या नऊ-दहा स्वतंत्र प्रती आहेत. एका आठवड्यात अँटेना हलला म्हणून सावल्या, दुसऱ्यात मुंग्या, तिसऱ्यात फितीवरचे पांढरे ओरखडे. या खोडी प्रत्येक प्रतीत वेगळ्या जागी असतात. चित्र मात्र तेच.

तेव्हा पाच प्रती घ्या आणि प्रत्येक बिंदूसाठी पाचांतली मधली किंमत निवडा. अ‍ॅव्हीसिंथ या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये मीडियन नावाचं प्लगइन हेच करतं, क्लिप विषम संख्येने द्यायच्या. एका प्रतीतला ओरखडा मधल्या किमतीत येतच नाही, तो आपोआप गळतो. त्यानंतर मुंग्या जास्त वाटल्या तर सरासरी घ्या: चार प्रतींनी मुंग्या निम्म्या होतात, नऊंनी एक तृतीयांश. सोळा प्रती मिळवण्यात फारसा फायदा नाही, नऊवरून सोळावर जाऊन तृतीयांशाचा फक्त चतुर्थांश होतो.

हे बिघडतं ते जुळणीत. दोन प्रती आधी फ्रेमवर जुळवा (एखादा कट धरून), मग आडव्या दिशेने. एक-तीन पिक्सेलचा फरक हमखास असतो. एकावर एक ठेवून डिफरन्स (फक्त फरक दाखवणारा मोड) लावा: सगळं काळं दिसलं तर जुळलं, कडा उजळल्या तर सरकलंय. ओळी नागमोडी वाकलेल्या प्रती घेऊ नका, त्यांनी शाईची रेघ पुसट होते. वर सांगितलेला रेकॉर्डर मध्ये जोडूनच सगळ्या प्रती घ्या, आणि सगळ्या एकाच सेटिंगने. जिथे भागाचं नाव येतं ती पाटी या मिश्रणातून वगळा, ती दर आठवड्याला वेगळी असते.

आवाजावर हा प्रयोग करू नका. फितीचा वेग किंचित डुलतो, दोन प्रतींचा आवाज एकत्र केला की नळीतून बोलल्यासारखी घरघर येते. सगळ्यात स्वच्छ एक प्रत निवडा. तिचे पहिले दोन सेकंद सांध्यात गेले असतील तर तेवढेच दुसऱ्या प्रतीतून जोडा, जोड ढोलाच्या ठोक्यावर घ्या.

लाल अक्षरांचा रंग उजवीकडे आणि खाली ओघळलेला दिसेल. व्हीएचएसवर रंगाचा तपशील मुळात फार कमी, त्यात प्रतीवरून प्रत झाली की तो आणखी खाली उतरतो. फक्त रंगाचा थर दोन-चार पिक्सेल डावीकडे आणि एक-दोन ओळी वर सरकवा. खालच्या टोकाला सहा-आठ ओळींची फाटकी पट्टी असते, ती हेड बदलताना येते, दोष नाही. मूळ प्रतीत ती राहू द्या, बघायच्या प्रतीत काळी करा.

आता शेवटच्या पाट्या. इथे चित्र आणि अक्षरं वेगवेगळ्या जातीची असतात. मागचं चित्र फिल्मचं, म्हणजे २५ फ्रेमचं. वर सरकणारी नावं व्हिडिओच्या यंत्रावर तयार झालेली, ती ५० फील्डने हलतात. सुरुवातीच्या गाण्यासारखं चित्र २५ फ्रेमचंच धरणारी गाळणी इथे लावली तर चित्र छान आणि अक्षरं दाताळ होतात. पाट्यांचा भाग वेगळा कापा आणि ५० फ्रेमच करा.

तरीही काही पाट्यांमध्ये अक्षरं अर्धवटच राहतात आणि यात तुमची चूक नसते. नाव खालून वर जायला किती वेळ घेतं ते मोजा. ११.५ सेकंद लागत असतील तर अक्षरं दर फील्डला एक ओळ सरकत आहेत. अशा वेळी दोन्ही फील्डमध्ये अक्षराच्या त्याच त्या ओळी दिसतात आणि मधल्या ओळी टेपवर कधी उतरलेल्याच नसतात. पावणेसहा सेकंद लागत असतील तर दर फील्डला दोन ओळी: दोन फील्ड मिळून अक्षर पूर्ण होतं. म्हणजे भरभर पळणारी पाटी जास्त वाचनीय निघू शकते! दोन फील्ड घ्या, दुसरं दोन ओळी खाली सरकवून पहिल्यात विणा, अनुस्वार आणि रफार तेव्हाच नीट सुटे होतात. देवनागरीत अर्धा तपशील गेला की 'घ' आणि 'ध' एक दिसतात, म्हणून नाव एकाच आठवड्यावरून नक्की करू नका. तेच नाव तीन आठवड्यांच्या पाट्यांत वाचा. शंका राहिली तर तसं लिहून ठेवा, अंदाजाने दुरुस्त करू नका.

जुनी_रीळ:

'खरं कोणतं' यावर थोडं. टायटल्स बदलण्याचा प्रकार आपल्याकडचा नाही, तो कार्टूनइतकाच जुना आहे. अमेरिकेच्या वॉर्नर स्टुडिओने १९४३ पासून जुनी कार्टून चित्रपटगृहांत पुन्हा लावली, ब्लू रिबन नावाने. तेव्हा मूळ टायटल आणि श्रेयनावं कापून त्यांच्या जागी निळ्या फितीची पाटी लावली, आणि कापलं ते मूळ निगेटिव्हमधूनच. कितीतरी कार्टूनची मूळ सुरुवात त्यात गेली, नंतर काहींची एखाद्या जुन्या प्रिंटमध्ये सापडली. अ‍ॅनिमेटर आणि संगीतकारांची नावं त्या पाटीबरोबरच गेली. फ्लिंटस्टोन्स या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या दोन सीझनची सुरुवातही वेगळ्या संगीताची होती, प्रायोजकाच्या जाहिरातीसकट. पुनःप्रक्षेपणात तिथे तिसऱ्या सीझनपासूनचं गाजलेलं गाणं चिकटवलं गेलं, आणि बहुतेकांना तेच पहिलं गाणं वाटतं. प्रक्षेपणाची प्रत कोणी जपली नाही तर पुढे नंतरची आवृत्तीच मूळ ठरते.

म्हणून उतरवताना गाण्याच्या आधीचे दहा आणि पाट्यांनंतरचे दहा सेकंद कापू नका. निवेदिकेची घोषणा, घड्याळ, साबणाची जाहिरात, त्यावरूनच पुढे तारीख लागते. फाइलच्या नावात कॅसेटचा क्रमांक, काउंटरचा आकडा, एसपी की एलपी (रेकॉर्डिंगचा वेग), आणि कोणत्या व्हीसीआरवर घेतलं ते लिहा. मूळ इंटरलेस्ड कॅप्चर एफएफव्ही१ मध्ये (काहीही न गमावता) दाबून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. दुरुस्त केलेली प्रत वेगळी, आणि तिच्या नावात 'पाच प्रतींचं मिश्रण' असं स्पष्ट.

रविवार_सकाळ:

सर्वांचे आभार. एका मालिकेच्या सात प्रती निघतात, तिच्यापासून सुरुवात करतो. पाट्या वर जायला पावणेसहा सेकंदच लागतात, मोजून पाहिलं. बुरशीची कॅसेट सिलिका जेलच्या डब्यात गेली आहे.

फीत_आणि_हेड:

डब्यात एक छोटा आर्द्रतामापकही टाका. काटा ४० टक्क्यांच्या खाली आठवडाभर टिकला की मगच कॅसेट उघडा.